चार रविवारांचं काम

अहो, तुम्ही गेलात त्याला आज सोळा दिवस झाले. या सोळा दिवसांत तुमची एकच गोष्ट मी इतक्यांदा ऐकली, की समोरच्यानं तोंड उघडलं की पुढचे शब्द मला आधीच कळतात. माणसं भेटायला येतात, माझ्यासमोर दोन मिनिटं बसतात, मग उठून स्वयंपाकघराच्या दारात जातात आणि ओट्याकडे बघत म्हणतात, असा नवरा मिळायला नशीब लागतं. बायकोचे हाल बघवेनात म्हणून स्वतःच्या हातानं दगड कापून सिंक बसवलं. रेल्वेच्या शेडमधले तुमचे सोबती हेच सांगतात. तुमच्या थोरल्या बहिणीनं, आक्कांनी तर कान्हे गावाहून आल्या दिवसापासून हेच व्रत घेतलंय. येईल तिला आत नेऊन देवघर दाखवावं तसं सिंक दाखवतात. मी भिंतीला पाठ लावून बसलेली असते आणि मान हलवते.

मान हलवताना तळपायाची आग मस्तकाला जाते. नवरा जाऊन महिना झाला नाही अशा बाईला रडायची मुभा असते, रागवायची नसते. म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. सुदुंबऱ्याच्या शाळेत सातवी पास झालेली बाई मी, एवढं लिहायला येतं मला. तुम्ही असताना कधी लिहायची वेळ आली नाही, आणि बोलायला गेले की तुम्ही पायात चपला घालायचात.

ओटा आधी झाला, सिंक नंतर आलं. हे आता कुणाच्या ध्यानात नाही. लोणावळ्याची ही जागा घेऊन घर उभं केलं तेव्हा तुम्ही हौसेनं काळ्या कडाप्प्याचा ओटा घालून घेतलात. साडेपाच फुटांचा एकच दगड, मध्ये सांधा नाही. गवंडी जोड देऊ म्हणत होता, तुम्ही ऐकलं नाहीत. दिवाळीला त्या दगडावरून खोबरेल तेलाचा बोळा फिरवायचात आणि आल्यागेल्याला त्यात तोंड बघायला लावायचात. मला तेव्हा त्याचं कौतुक होतं. चुलीपुढे उकिडवं बसून रांधणाऱ्या घरातून आले होते मी. उभ्यानं भाकरी थापताना राणी झाल्यासारखं वाटायचं.

भांडी मात्र मागच्या दारी, नळाखालच्या धोंड्यावर. आठ महिने त्याचं काही वाटत नाही. पण आपल्याकडचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू? ज्येष्ठात सुरू झाला की दसऱ्याच्या तोंडावर थांबणारा. पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन मी तिथं बसायचे. राख भिजून चिखल व्हायची, काथ्याला लागायची नाही. एक टोप घासून विसळून उपडा घालेपर्यंत त्याच्या बुडावर पावसानं परत माती उडवलेली असायची. तुम्ही वर पत्रा टाकून दिलात. पत्र्याचं पाणी मग थेट पाठीवर पडायला लागलं.

खंडाळ्याच्या एका बंगल्यात दुरुस्ती निघाली आणि तिथल्या ओळखीच्या माळ्यानं तुम्हाला ते पांढरं चिनीमातीचं सिंक दिलं. सायकलच्या कॅरिअरला सुंभानं बांधून, सायकल हातानं ढकलत, घाटाच्या माथ्यापासून चालत आणलंत. दारातून हाक मारलीत ती अजून माझ्या कानात आहे. इतकं खूश मी तुम्हाला आपल्या थोरल्या दत्तूच्या बारशालाच बघितलं होतं. आत्याबाईंनी, म्हणजे तुमच्या आईनं, विचारलं, ह्ये काय? तुम्ही म्हणालात, सिंक. त्या म्हणाल्या, शुभ घरात शिंक कशाला आनलीस? आपण तिघंही हसलो. मग ते मागच्या भिंतीला टेकवून ठेवलंत. आणि ते तिथंच राहिलं. वर्षभर. पावसानं भरलं, त्यात कोंबड्या पाणी प्यायल्या. त्याच्या शेजारी हातभर अंतरावर बसून मी भांडी घासली.

तीनदा सांगितलं मी तुम्हाला. पहिल्यांदा वैशाखात सांगितलं, पाऊस यायच्या आत ओटा कापून घ्या म्हणून. तुम्ही दगडावरून हात फिरवलात आणि म्हणालात, अखंड दगड आहे, भोक पाडलं तर तडकेल. दुसऱ्यांदा आषाढात. पानशेत फुटलं तो पावसाळा. मला पाचवा सरून सहावा लागला होता. तेव्हा दगडाचं नाव काढलं नाहीत. खालच्या आवाजात म्हणालात, आईला नाही चालणार, उष्टं-खरकटं आत नको म्हणते. मी गप्प बसले. सासू नको म्हणते म्हटल्यावर कुठली सून पुढं बोलेल? तिसऱ्यांदा नागपंचमीच्या आदल्या दिवशी. तुम्ही दाढी करत होतात. आरशातूनच म्हणालात, "पाऊस उघडू दे, मग बगू."

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मी पडले.

धोंड्यावर शेवाळ होतं. हातात पितळेचं पातेलं होतं, ते सोडून भिंत धरायची बुद्धी झाली नाही. पातेलंच धरून ठेवलं. शेजारच्या पार्वती मावशींनी माझा आवाज ऐकला. कुंपणातून वाट काढून आल्या आणि मला आत आणलं. पुढचं सगळं त्यांच्याच हातून झालं. सातव्या महिन्याची पोर. रडली नाही. मावशींनी तिला माझ्या पातळात गुंडाळली. मला चेहरा दाखवला, एवढाच.

तुम्ही शेडमधून आलात तेव्हा तुमच्या अंगावर रेल्वेचा तो काळा रेनकोट होता. दारात उभे राहिलात. त्याचं पाणी उंबऱ्यावर गळत होतं. मी तुमच्याकडे बघत होते, की आता आत याल, खाटेवर बसाल, काहीतरी म्हणाल. तुम्ही मावशींच्या हातातलं बोचकं घेतलंत, मागच्या दारातून कुदळ घेतलीत आणि गेलात. एकटेच. परत आलात तेव्हा दिवे लागले होते. कुठं ठेवलंत तिला, हे मी दुसऱ्या दिवशी विचारलं. तुम्ही म्हणालात, "त्ये इचारू नगंस." मी नाही विचारलं. परत कधीच नाही. आता मला वाटतं, त्या एका बाबतीत तरी तुमचं ऐकायला नको होतं. आता कुणाला विचारू? तुम्ही ती जागा बरोबर घेऊन गेलात. हा काय न्याय झाला?

आणि मग अकराव्या दिवशी, रविवारी सकाळी, तुम्ही ते सिंक आत आणलंत.

ते कसं केलंत हे मला पाठ आहे. एक तर मी खाटेवरून सगळं बघत होते, आणि पुढं चौदा वर्षं तुम्ही ते लोकांना सांगत होतात. सिंक उपडं घालून जाड पुठ्ठ्यावर त्याची कड आखलीत. मग त्या रेघेच्या आत बोटभर दुसरी रेघ, म्हणजे सिंकची कड दगडावर टेकावी. कुणाच्या तरी मोडक्या ओट्याचा तुकडा आणून आधी त्यावर हात बसवलात. शेडमधून हातानं फिरवायचं ड्रिल मागून आणलंत. पहिल्यांदा चारही कोपऱ्यांवर गोल भोकं पाडलीत, कारण चीर जाते ती टोकदार कोपऱ्यातून. मग रेघेवर भोकाला लागून भोक, माळेच्या मण्यांसारखी, वरून पाण्याची धार धरत. काजळासारखं काळं पाणी ओट्यावरून खाली यायचं आणि आत्याबाई ते फडक्यानं टिपत राहायच्या. ओट्याखाली खोकं, खोक्यावर वाळूचं पोतं दगडाला भिडवून ठेवलंत, म्हणजे मधला तुकडा सुटला तर धाडकन खाली पडू नये. मग दोन भोकांमधलं अंतर छिन्नीनं तोडायचं. ठक ठक. ठक ठक. शेवटी कानशीनं कडा घासायच्या.

त्या ठकठकीत मी पडून होते. अंगावर दूध आलं होतं. मावशी फडकी बांधून जायच्या, ती भिजायची. पलीकडे तुमची छिन्नी. दुसऱ्या रविवारी मला ते सोसेना. आत्याबाईंना म्हटलं, त्यांना थांबायला सांगा. त्या गेल्या, काहीतरी बोलल्या. आवाज थांबला. थोड्या वेळानं परत सुरू झाला, पण दबका. तुम्ही हातोडीला फडकं गुंडाळलं होतं.

म्हणजे मी काय सांगितलं ते तुम्हाला कळलं होतं. तरी थांबला नाहीत. हातोडी ठेवून त्या दारातून या खोलीत यायला सहा पावलं लागतात, मी मोजलीत. त्या सहा पावलांऐवजी तुम्ही फडकं शोधलंत.

चार रविवार. गौरी यायच्या सुमाराला सिंक बसलं. दगड तडकला नाही, केसाएवढी चीर नाही. कडेला पांढरं सिमेंट भरलंत, नळ वळवून आत घेतलात, खालचा पाइप भिंतीतून मागं काढलात. नारळ फोडलात. आळीतली माणसं बघायला आली. पहिलं पाणी मी सोडावं म्हणून मला उठवून आणलंत आणि मी सोडलं. सगळे वाहवा म्हणाले. त्या दिवशी तुम्ही लोकांना कोपऱ्यातल्या गोल भोकांबद्दल तासभर सांगत होतात. पोरीबद्दल माझ्याशी एक शब्द नव्हता तुमच्याकडे, आणि कोपऱ्यांबद्दल तासभर होता.

बघायला आलेल्यांतलं कुणीतरी म्हणालं, चुकीच्या बाजूला बसवलं की हो, असतं उजव्या हाताला. तुम्ही नुसते हसलात. मला तिसऱ्या दिवशी समजलं. मी डावरी. आत्याबाई नावं ठेवायच्या म्हणून वाढताना, लिहिताना उजवा हात वापरायची सवय केली होती, पण घासताना काथ्या आपसूक डाव्या हातात जायचा आणि घासलेलं भांडं उजव्या हातानं बाजूला. तुमच्याशी मी हे कधी बोलले नव्हते. तुम्ही बघून ठेवलं होतंत आणि त्या बेतानं दगड कापला होतात.

त्या दिवशी सिंकपुढे उभी राहून मी पहिल्यांदा पोटभर रडले. आत्याबाईंना वाटलं, आनंदानं. माझ्या मनात काय चाललं होतं सांगू? हा माणूस मला बघत होता. मी कुठल्या हातानं टोप घासते हे त्याला माहीत होतं. मग त्याच धोंड्यावर, त्याच पावसात, सातव्या महिन्याचं पोट घेऊन मी कशी बसते, कशी उठते, हेही त्यानं बघितलेलं असणार. न बघणाऱ्या नवऱ्याला माफ करता येतं. आमच्याकडे तसेच असतात. तुम्ही बघत होतात, आणि दाढी करत म्हणालात, पाऊस उघडू दे.

आत्याबाईंवर मी दोन वर्षं मनातून धुमसत होते. त्यांचं सोवळं, त्यांचं खरकटं. बोलले नाही, पण पान वाढताना कमीजास्त झालं असेल माझ्याकडून. वासंतीच्या वेळी पाचवा महिना होता. एक दिवस त्या सिंकपाशी उभ्या राहून ताक घुसळलेली रवी धूत होत्या आणि सहज म्हणाल्या, लय बेस झालं बाई ह्ये, आधीच करायला हवं होतं. माझा तोल गेला. म्हटलं, आत्याबाई, तुमीच नगं म्हनला होता. त्यांनी नळ बंद केला.

"म्या कवा न्हाई म्हनले? त्यानं मला इचारलंच न्हाई कदी."

खोटं बोलायची सवय त्या बाईला नव्हती. मी पडले त्या दिवसापासून तुमचे चार रविवार पुरे होईस्तोवर मागच्या धोंड्यावर पावसात भांडी कुणी घासली, आठवतं का तुम्हाला? साठीच्या त्या बाईनं. आणि तिच्या नावावर तुम्ही आपला नकार खपवला होता.

तुम्ही घरी आलात तसं मी विचारलं. दत्तूला आत्याबाई बाहेर घेऊन गेल्या होत्या. मी म्हटलं, आईंना तुम्ही विचारलंच नव्हतं. तुम्ही डबा खाली ठेवलात. मला वाटलं, आज फुटेल हा माणूस. मग म्हणालात,

"दगड तडाकला आसता."

आणि चपला घातल्यात.

एवढंच झालं आपलं भांडण. बारा वर्षं ते तिथंच थांबलेलं आहे. तुम्ही परत आलात, मी ताट वाढलं, तुम्ही जेवलात. त्यानंतर मी खूप उत्तरं तयार केली. भाकरी थापताना, दत्तूचे कपडे शिवताना, तुमच्या शेजारी पडून तुमचा श्वास ऐकताना. एकही तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय झालं असतं? तुम्ही तडकला असतात का? तेवढं तरी बघायला मिळालं असतं मला.

आता हेही लिहिते, नाहीतर मी खोटी पडेन. वासंती झाली तेव्हा चाळीस दिवस तुम्ही मला भांड्यांना हात लावू दिला नाही. शेडमधून यायचात, बाहेरचं दार लोटून घ्यायचात आणि बाह्या सरसावून सिंकपुढे उभे राहायचात. आक्का आल्या की खांद्यावरचं फडकं पटकन ओट्याखाली टाकायचात. भावाला भांडी घासताना बघितलं असतं तर कान्हे गावात बोंब झाली असती. मी आतून बघायचे आणि मला हसू यायचं. सिंक डाव्या हातासाठी होतं, तुमची तिथं फार अडचण व्हायची. विसळलेलं भांडं डाव्या हातानं ठेवायला जावं तर भिंत आडवी यायची. तुम्ही कधी कुरकुरला नाहीत. पुढंही, आळीतले पुरुष कप जागेवर ठेवून उठायचे तेव्हा तुम्ही आपला कप विसळून पालथा घालायचात. वासंतीला कडेवर घेऊन पाण्यात हात घालू द्यायचात, ती खिदळायची आणि तुम्ही तिच्याकडे अशा नजरेनं बघायचात, की मला ते बघवायचं नाही. त्या वेळी तुम्ही एकटीलाच बघत होतात की दोघींना, हे मला आजही माहीत नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतंत? माझी विचारायची छाती झाली नाही. ही चूक माझीही आहे. लिहून ठेवते.

पण राग जात नाही हो. मला वाटलं होतं, माणूस गेला की राग आपोआप निवतो. उलट झालंय. इतके दिवस तो घरात तुमच्याशेजारी बसून होता, तुम्ही होतात म्हणून गप्प होता.

काल तो बाहेर आला. कान्ह्याच्या दोघी बायका आल्या होत्या, पार्वती मावशीही येऊन बसल्या होत्या. आक्का नेहमीसारख्या सांगायला लागल्या. या वेळी म्हणाल्या, भावजय पोटुशी होती, तिला पावसात वाकायला लागू नये म्हणून माझ्या भावानं रविवारची झोप मोडून दगड कापला. आक्का खोटं बोलत नव्हत्या. मी पडले तेव्हा त्या आल्या होत्या, माझ्या उशाशी बसल्या होत्या. पण चौदा वर्षं गोष्ट सांगता सांगता पुढचं मागं आणि मागचं पुढं झालं, आणि त्यांना आता तेच खरं वाटतं. अजून दहा वर्षांनी सगळ्यांना तेच वाटलं असतं. कदाचित मलाही.

मी बसल्या जागेवरून बोलले. आवाज चढवला नाही.

"आक्का, दगड कापाय घेतला तवा मी पोटुशी न्हवते. अकरा दिस आदी माझी पोर गेली होती. मागल्या दारी घसरून पडले म्हनून गेली. मी तीनदा सांगितलं होतं त्यास्नी."

मग आक्का म्हणाल्या, गेलेल्या माणसाचं असं काढू नये. मला त्यांचं वाईट वाटलं; भाऊ त्यांचाही गेला आहे. मावशी हातातली तपकिरीची डबी बंद करत म्हणाल्या, खरं हाय त्ये, म्याच हिला उचलून आत आनली व्हती. दोघी बायका चहा न घेता उठल्या. आक्का देवापुढे जाऊन बसल्या त्या बराच वेळ उठल्या नाहीत.

चहाचं ताट घेऊन वासंती दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. बारा वर्षांची झाली तुमची लेक आणि तिच्याआधी घरात आणखी कुणी यायचं होतं हे तिला आपण दोघांनी कधी कळू दिलं नाही.

संध्याकाळी ती माझ्यासमोर तांदूळ निवडायला बसली. बराच वेळ खडे बाजूला टाकत राहिली. मला वाटलं, आता विचारेल, बाबांचं चुकलं का. त्याचं उत्तर मी मनात जुळवत होते. काय द्यायचं ते ठरत नव्हतं. तिनं ते विचारलं नाही. ताटातून वर न बघता म्हणाली,

"आई, तिचं नाव काय ठेवणार होतीस?"

अहो, नाव मी सहाव्या महिन्यातच ठरवलं होतं. मुलगीच होणार असं मला उगाच वाटायचं. आत्याबाईंना बोलले नव्हते, मावशींना नाही. त्या दिवशी तुम्ही दारात उभे होतात तेव्हा ते माझ्या ओठांवर होतं. तुम्ही आत येऊन बसला असतात तर सांगणार होते, म्हणजे तुम्ही तिचं नाव घेऊन तिला मातीत ठेवलं असतंत.

वासंतीला मी ते सांगितलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा तोंडातून निघालं, माझाच आवाज मला परका वाटला. तिनं ते एकदा हळू म्हणून बघितलं, मग जरा मोठ्यानं. आणि परत खडे काढायला लागली.

तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुम्हाला मी नाही सांगणार. आज तरी नाही.